शटरची जबाबदारी माझी

बुधवार, २० मार्च १९९६. पाडवा.

गाडी आली. सेकंड हँड आहे, पण पांढरी आहे. धाकट्या रवीने औरंगाबादहून चालवत आणली आणि गेवराईच्या अलीकडे एका बैलगाडीला घासून आणली. डाव्या दाराला हातभर ओरखडा. आप्पा म्हणाले, बरं झालं, आता नजर लागायची न्हाई. हाच ओरखडा मी आणला असता तर नजरेचा विषय निघाला नसता, माझ्या लग्नाचा निघाला असता. मी चिडलेली नाही. जे झालं ते लिहून ठेवते, इतकंच.

जेवताना आप्पांना सरळ सांगितलं, मला गाडी शिकायची आहे. आप्पांनी हातातली पुरणपोळी पूर्ण संपवली, वर दूध प्यायले आणि म्हणाले, शिवकन्या, आधी गाडीचं घर सांभाळून दाखव. अक्षय तृतीयेला आपल्याला गाडीच्या पूजेला लिंबागणेशला जायचंय. तवर शटरची कुरकुर माझ्या कानावर आली न्हाई, तर रस्ता मोकळा लागला की स्टिअरिंग तुझ्या हातात.

रवि म्हणाला, बराबर वाटणी हाय. गाडी मला, शटर अक्काला.

त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. संकल्प केला. रोज सकाळी शटर पूर्ण वर घ्यायचं, पूर्ण खाली घ्यायचं, पट्ट्या पुसायच्या, दोन्ही बाजूंच्या खाचांना तेल द्यायचं. खाडा नाही. सर्दी असली तरी नाही.


गुरुवार, २१ मार्च. सकाळी.

सुरुवात केली. कोणतं तेल, हा प्रश्न आमच्या घरात उद्भवतच नाही. घाणा आमचा, दुकान आमचं, करडी आमची. मी शाळेत एकदम पाचवीला गेले. त्याआधीचं सगळं शिक्षण आप्पांनी दुकानाच्या गादीवर बसवून दिलं, पाढे आणि बाराखडी दोन्ही. त्यात गिऱ्हाइकांना सांगायचं एक वाक्यही पाठ करून घेतलं होतं: आपल्या घाण्याचं तेल कुठंही चालतं. कढईत, केसाला, दिव्यात, बाळंतिणीच्या अंगाला. लोखंडाचं नाव त्यात नव्हतं, पण ‘कुठंही’ म्हटल्यावर लोखंड वेगळं काढायचं काय कारण?

लहान बरणी भरून घेतली. कापसाचा बोळा, जुनं धोतर. छान झालं.

रवि जाता जाता म्हणाला, पाकिटातलं तेल आल्यापासून गिऱ्हाईक घेईना म्हणून शटरला पाजतीस का? हे आप्पांच्या समोर बोलून दाखव म्हणावं. आप्पा टीव्हीवर रिफाइंड तेलाची जाहिरात लागली की उठून अंगणात जातात. त्या माणसाच्या घरात हे बोलणं! दिवसभर डोकं तापलेलं होतं. पण मी त्याला काही बोलले नाही. फक्त त्याची इस्त्री केलेली शर्टं परत चुरगळली.


मंगळवार, २६ मार्च.

शटर आवाज न करता वर जातं. एका हाताने. आप्पांनी स्वतः पाहिलं आणि हूं म्हणाले. आप्पांचा हूं म्हणजे लहान गोष्ट नाही.

शेजारचे सुंदरराव ओट्यावर बसून असतात. एसटीतून रिटायर झाल्यापासून गल्लीत कोण आलं आणि कोण गेलं, याचा कंट्रोल त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, का गं पोरी, शटर पुसतीस का फोडणीला टाकतीस? वास पार आमच्या चुलीपर्यंत येतो. मी हसले. आत आल्यावर दार आपटलं गेलं, ते वाऱ्याने. सुंदरराव आमच्या दुकानातून पंधरा वर्षं तेल नेत होते. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या घरी पाकीट येतं. आईने पाहिलंय. अशा माणसाला आमच्या तेलाच्या वासावर बोलायचा काय अधिकार?


मंगळवार, २ एप्रिल.

आज शटर मध्येच अडखळलं. जरासंच. दोन्ही हात लावावे लागले.

कारण शोधलं पाहिजे. कुणावरही उगाच आळ घ्यायचा नाही, हे माझं तत्त्व आहे. म्हणून आधी सगळ्यांवर सारखाच संशय घेतला.

एक तर निवडणूक. दिवसभर प्रचाराच्या जीपा गल्लीतून धूळ उडवत फिरतात. कर्णा बंद असला तरी धूळ चालूच. दुसरं, विमलबाई. ती फरशी पुसून पाणी गॅरेजकडे लोटते. तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ताई, म्या कशाला तुमच्या शटरला शिवू? एकदा शिवले तर हात निघंना. बांगड्या चिकटल्या.

मी तिला समजावलं की शटर चिकटत नसतं, हात चिकटतात. कणीक मळून हात नीट न धुता कुठेही लावले की असंच होणार. तिने तोंडाला पदर लावला. हसली असावी. माणसांना चांगलं सांगितलेलं चालत नाही.

उद्यापासून तेल दोन वेळा.


शुक्रवार, ५ एप्रिल.

दोन वेळा देऊनही जड आहे. म्हणजे दोन वेळा पुरेसं नाही.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, करडीचं तेल लोखंडाला नको लावूस गं, हवा लागली की चिकट होतं.

आई माहेरची कापडवाल्यांची. तिच्या वडिलांचं अंबाजोगाईला लुगड्यांचं दुकान. कापडाच्या घरातून आलेल्या बाईने तेलावर मत द्यावं? मी तिच्या कापडावर कधी बोलते का? पण आईला उलटून बोलायचं नाही, हेही माझं तत्त्व आहे. म्हणून फक्त एवढंच म्हटलं की थांब, आप्पांना विचारते, आई म्हणते आपलं तेल चिकट होतं, हे खरं का?

आई परत भाजी निवडायला लागली.

म्हणजे तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.


मंगळवार, ९ एप्रिल. दुपारी.

आसारामला बोलावलं. दुकानाची आणि घराची, दोन्ही शटरं त्यानेच बसवली. त्याने शटर एकदा वर केलं, एकदा खाली केलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, स्प्रिंग ढिली हाय. मी म्हटलं, खाचा बघा. तो म्हणाला, ताई, खाचंला काय बी होत न्हाई, सगळा खेळ स्प्रिंगचा असतो. वर चढून स्प्रिंग कसली, चहा प्यायला, गेला.

आता शटर वर जाताना खेकसून वर जातं आणि वर गेलं की खाली येत नाही. संध्याकाळी मी हँडलला दोन्ही हातांनी लोंबकळले तरी येईना. पाय जमिनीवरून सुटले. नेमकं तेव्हाच रवि आला. म्हणाला, अक्का, झोका आत्तापास्नं? नागपंचमीला लई टाइम हाय.

सुंदरराव ओट्यावरून म्हणाले, हळू बे रव्या, ती पडंल.

दोघांचंही तोंड मला पुन्हा बघायचं नाही. एक घरातच राहतो आणि दुसरा ओट्यावरून उठत नाही, एवढीच अडचण आहे.


शनिवार, १३ एप्रिल.

खरं कारण सापडलं! सुंदररावांचं कडुलिंबाचं झाड.

मोहोर गळतोय. पांढरी फुलं सगळ्या खाचेत. नुसती पडलेली नाहीत, जाऊन बसलेली. त्यात मुंग्या, मांजराचे केस, प्रचाराच्या पत्रकाचा एक तुकडा. बोटाने निघत नाहीत. सुंदररावांच्या झाडाच्या फुलांना एवढा डिंक असतो, हे मला माहीत नव्हतं. वनस्पतिशास्त्र मी घेतलं नव्हतं, कॉमर्स घेतलं.

जाऊन शांतपणे सांगितलं की या बाजूच्या फांद्या छाटा. शांतपणे म्हणजे गेटच्या बाहेरून, त्यामुळे आवाज थोडा चढवावा लागला. सुंदरराव म्हणाले, छाटायचं कावून? रात्रच्याला समजावून सांगतो झाडाला. म्हणतो, कल्याणरावाच्या पोरीचं शटर सोडून बाकी कुठंबी गाळ बाबा फुलं.

गल्लीतली चार माणसं हसली. त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

तेल तीन वेळा.


बुधवार, १७ एप्रिल.

सोमवारपासून नियम केला होता. शटरला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. रवि गाडी काढणार असेल तर मला हाक मारायची, मी उघडणार. विमलबाईने गॅरेजच्या बाजूला फिरकायचं नाही. आईनेही नाही. खाचांसमोर जुनी चादर बांधली, फूल येणार नाही आणि धूळही येणार नाही.

तीन दिवस फक्त माझा हात आणि माझं तेल.

शटर आणखी जड झालं आहे.

म्हणजे माझ्या पाठीमागे कुणीतरी हात लावतंय. घरातल्याच माणसावर असा संशय घ्यावा लागतो, याचा फार त्रास होतो. रवीला देवासमोर उभं करून विचारलं. त्याने गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घेतली. म्हणाला, अक्का, लाथ मारली असती, पण बूट तिथंच ऱ्हायला असता. खोट्याला एवढं बोलता येत नाही, म्हणून सोडून दिलं. मग कोण?

आप्पांनी संध्याकाळी विचारलं, शटर ठीक हाय ना? मी म्हटलं, हो. हे खोटं नाही. ठीक असणं आणि हलकं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण जेवण गेलं नाही.


शुक्रवार, १९ एप्रिल. संध्याकाळी.

जमलं!

तेल गरम करून ओतलं. हे सुचायला इतके दिवस लागले, याचाच राग येतो. चुलीवर चांगलं कडक केलं आणि वरून दोन्ही खाचांत सोडलं. एका झटक्यात शटर वर. खालीही आलं. पुन्हा वर. मला रडू आलं, आनंदाचं.

गाडी धुतली. नारळ, फुलांची पिशवी आणि आप्पांची विभूतीची डबी आत्ताच गाडीत ठेवली, उद्या काही विसरायला नको. ड्रायव्हिंगचं पुस्तक पुन्हा एकदा पूर्ण वाचलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. डोळे मिटून पाय हलवून पाहिले. सगळं येतं.

उद्या अक्षय तृतीया. सुंदरराव ओट्यावर असतील तेव्हाच निघायचं. मी काही बोलणार नाही. फक्त काच खाली घेईन.


शनिवार, २० एप्रिल. सकाळी, गाडीत.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहिते आहे. गॅरेज बंद आहे. मी आत आहे. बाकी सगळे बाहेर.

कसं झालं ते क्रमाने. सकाळी शटर माझ्या कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. वर नाही, खाली नाही. आप्पा धुतलेल्या धोतरात, आई नव्या लुगड्यात, रवि गॉगल लावून. रवीने ओढलं, आप्पांनी ओढलं, टेम्पोवाला सटवा येऊन ओढून गेला. नारळ आणि विभूती गाडीत. सणाच्या कपड्यांत वाकायला कुणी तयार नाही, मीच तयार. वाकून गेले, पिशवी बाहेर दिली, आणि आतून खांदा लावते म्हटलं. मी आतून उचललं, रवीने बाहेरून ओढलं. वर आसारामने कसलेलं काहीतरी खाडकन तुटलं आणि शटर धाडकन जमिनीवर. माझा पाय थोडक्यात वाचला. कुणी विचारलंही नाही. म्हणजे विचारलं, सगळ्यांनी एकदम, पण काही ऐकू आलं नाही.

बाहेरचं बोलणं आता स्पष्ट ऐकू येतं. आसाराम प्रचाराच्या जीपवर गेलाय, दुपारी येणार. सगळ्या जीपा निवडणुकीला लागलेल्या, भाड्याने एकही मिळत नाही. गल्ली गोळा झाली आहे. सुंदरराव अर्थातच आहेत.

सुंदररावांनी विचारलं, कल्याणराव, ह्या खाचंला लावत काय होती पोरगी?

खाचेवर काहीतरी घासल्याचा आवाज आला.

आप्पांनी खाचेला बोट लावलं असणार. आप्पा आपलं तेल चार दुकानं पलीकडून ओळखतात. मग त्यांचा आवाज आला, मोठा, दुकानातला. म्हणाले, लावायचा काय संबंध? शटरच खराब हाय. पत्रा हलका. बनवणारानं फसवलं आपल्याला.

सुंदरराव म्हणाले, मग ही बरणी कशाची?

माझी बरणी. रात्री बाहेरच राहिली होती.

आई म्हणाली, सण हाय भाऊजी आज. दिव्याची बरणी हाय ती.

मी इथे आत, वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात, खाचेला अंगठा लावला. पिवळं, जाड, चिक्कीच्या पाकासारखं. अंगठा ओढला तर तारा निघाल्या. आत्ता लिहितानाही पान अंगठ्याबरोबर वर येतंय.

ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडू? तेलाने झालं म्हटलं, तर सुंदरराव संध्याकाळपर्यंत अख्ख्या बीडला सांगतील की कल्याणरावाच्या तेलानं लोखंड जाम होतं, पोटाचं काय होत असेल. माझ्याने झालं म्हटलं, तर स्टिअरिंग गेलं. झाडाने झालं म्हणायला आता अंगठा तयार नाही.

म्हणून हॉर्न वाजवला. लांब. मग पुन्हा, आणखी लांब.

गेल्या महिन्याभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

रवि ओरडला, अक्का, बॅटरी बसंल!


त्याच दिवशी. दुपारी, गाडीतच.

आप्पा आणि रवि तेलाच्या टेम्पोत बसून लिंबागणेशला गेले. नवस होता, वेळ चुकवता येत नव्हती. नव्या गाडीची पूजा करायला माणसं डब्यांच्या मध्ये बसून गेली. जाताना आप्पांनी शटरवर बाहेरून दोनदा थाप मारली.

आई मागे राहिली. शटरला पाठ टेकून स्टूलवर बसली. झरोक्यातून दोरीने पाण्याचा तांब्या सोडला. म्हणाली, वेळ जाईना, तू आत बसून काय करतीस ते तरी सांग. मी म्हटलं, काय करणार, बसले आहे. तिने विचारलं, पायाशी तीन असतात ना, कोणतं कशाचं? मी सांगितलं. गिअर बदलताना कोणतं दाबायचं? सांगितलं. गाडी मध्येच बंद पडते ती का? तेही सांगितलं, पुस्तकातल्या सगळ्या सूचनांसकट. तिने दोन-दोनदा विचारलं आणि माझ्याकडून ऐकून पुन्हा म्हणून दाखवलं. बिचारीला माझं मन रमवायचं होतं. मीही तिचा उत्साह मोडला नाही.

आसाराम गॅस कटर घेऊन आला आहे. म्हणतो, ताई, गाडीच्या पल्याडल्या अंगाला सरका, ठिणग्या येत्याल.


मंगळवार, २३ एप्रिल. संध्याकाळी.

शटर कापून नेलं. तिथे आता दोन झापांचं लोखंडी दार बसणार. तोवर गाडी सुंदररावांच्या लिंबाखाली असते आणि तिच्यावर फुलं पडतात. ओली नसली की चिकटत नाहीत.

तेलात दोष नाही, हे मी पूर्ण विचार करून ठरवलं आहे. एप्रिलच्या उन्हात दोष आहे, आणि थोडा लोखंडात. आप्पा दुकानात सगळ्यांना पत्र्याचं सांगतात. मीही विचारलं तर पत्र्याचंच सांगते. आम्ही दोघं एकमेकांशी त्यावर बोललेलो नाही.

काल जेवताना मी विषय काढला. आप्पा म्हणाले, गाडीला घरच ऱ्हायलं न्हाई, तर तू सांभाळलंस काय? याला उत्तर होतं. मी जुळवत होते, तेवढ्यात आई बोलली. ताटात भाकरी वाढता वाढता, आवाज न चढवता. म्हणाली, सणाच्या दिवशी, देवाच्या दिव्याचं नाव घेऊन, चार माणसांत मी खोटं बोलले. तुमच्या तेलापायी. सुंदरराव अजून विचारत्यात, बरणी खरंच दिव्याची होती का म्हणून. मला गाडी शिकायचीय.

आप्पांनी अख्खी भाकरी संपवली. वर ताक प्यायले. आणि हूं म्हणाले.

आज संध्याकाळी स्टेडियमच्या मैदानावर गेलो. रवि तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर, पायाशी लिंबू आणि नारळ. आईने पदर खोचला, चप्पल काढून ठेवली, गाडी चालू केली आणि एकदाही बंद न पाडता मैदानाला पूर्ण चक्कर मारली. रवि म्हणाला, आई, तू कवा शिकलतीस? ती म्हणाली, शनिवारी, शटरच्या बाहेर बसून.

मी चिडलेली नाही. शिकवणाऱ्याने चुका दाखवल्या पाहिजेत, म्हणून वही मुद्दाम बरोबर नेली होती. आज एकही सापडली नाही. उद्या दोन सीटच्या मधून वाकून बघणार आहे.